चवदार तळे

महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील महाड येथील एक इतिहासप्रसिद्ध सार्वजनिक तळे. ते सावित्री नदीकाठच्या या गावाच्या वस्तीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात (१९३७) त्याचा विस्तार चार ते पाच एकर दिलेला असून सभोवती रस्ते, त्यांपलीकडे घरे आणि काठावर पायऱ्या असे त्याचे वर्णन आढळते. पाण्याच्या शुद्धतेविषयीच्या दोन भिन्न कल्पनांचा संघर्ष या तळ्याच्या इतिहासात स्पष्ट दिसतो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये हे तळे सर्वांना खुले केले. तथापि ठराव कागदावरच राहिला. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या वेळी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ले झाले. स्पर्शाने पाणी बाटले असे मानून सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसले आणि शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या मिश्रणाने मंत्रोच्चारपूर्वक तळ्याची ‘शुद्धी’ केली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला व डिसेंबरात काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा दाखल केला. तो महाड व ठाणे येथील न्यायालयांत फेटाळला गेला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असा निर्णय देऊन उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी त्यांचे अपील फेटाळले.

जलपरीक्षणात पाण्याची प्रत स्पर्श करणाऱ्याच्या जातीवरून ठरत नाही. विरघळलेला ऑक्सिजन, जैव-रासायनिक ऑक्सिजन मागणी, पीएच मूल्य आणि कोलिफॉर्म जंतूंची संख्या यांवरून ती ठरते. दूध, दही व शेण यांतील सेंद्रिय द्रव्यांचे विघटन होताना पाण्यातील ऑक्सिजन खर्ची पडतो. म्हणजे ज्या द्रव्यांनी तळे शुद्ध झाले असे मानले गेले, ती या कसोटीवर पाण्याची प्रत घटविणारी ठरतात. स्पर्शाने होणारा विटाळ मात्र कोणत्याही मापनात आढळत नाही.

महाराष्ट्रात जलप्रदूषणास आळा घालण्यासाठी १९६९ मध्ये कायदा झाला व १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले. केंद्रीय अधिनियम १९७४ चा आहे. केंद्रीय मंडळाच्या वर्गीकरणानुसार, निर्जंतुक करून पण अन्य प्रक्रियेविना पिण्यास वापरावयाच्या पाण्यात दर लिटरमागे किमान ६ मिग्रॅ. विरघळलेला ऑक्सिजन असावा व जैव-रासायनिक ऑक्सिजन मागणी २ मिग्रॅ.हून अधिक नसावी, १०० मिलि. पाण्यात एकूण कोलिफॉर्म ५० हून अधिक नसावेत. स्नानयोग्य पाण्यासाठी ही मर्यादा ५०० आहे. वस्तीतील साचलेल्या पाण्यास वाहत्या नदीप्रमाणे घाण वाहून नेण्याची सोय नसते. सांडपाणी मिसळल्यास नायट्रोजन व फॉस्फरस वाढून शेवाळ माजते आणि ते कुजताना ऑक्सिजन घटतो. म्हणून अशा तळ्यांची तपासणी एकदाच करून भागत नाही. पावसाळ्यापूर्वी व नंतर ती नियमितपणे करावी लागते.

दरवर्षी २० मार्चला असंख्य लोक येथे येऊन सत्याग्रहाचे स्मरण करतात व तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात. पाण्यावरील समान हक्क न्यायालयाने मान्य केला. ते पाणी ओंजळीत घेण्याजोगे राखले, तरच त्या हक्कास पूर्ण अर्थ येतो.