डोके फोडून घेण्याचे व्याकरण

वर्ष-दीड वर्ष जर्मन शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या वहीत एक वाक्य हमखास सापडते : 'इश त्सेरब्रेश माइनन कॉप्फ'. त्याला म्हणायचे असते, 'मी कधीचा विचार करतोय, पण सुचत नाही.' शब्द बरोबर, क्रियापद बरोबर, 'माइनन'ची द्वितीयासुद्धा चोख. तरी ऐकणारा जर्मन माणूस क्षणभर थबकतो, कारण या वाक्यात कुणाची तरी कवटी खरोखरच फुटते आहे. हवे होते ते 'इश त्सेरब्रेश मिर डेन कॉप्फ'. 'माझे डोके' नव्हे, तर 'मला' आणि पुढे नुसते 'डोके'. हे पुस्तक त्या एका 'मिर'पायी लिहिले गेले म्हणाना.

घटक शब्दांच्या अर्थांची बेरीज केली तरी ज्यांचा अर्थ हाती लागत नाही, अशा पदबंधांच्या अभ्यासाला जर्मनमध्ये 'फ्राझेओलोगी' म्हणतात. आपण त्याला वाक्प्रचारविचार म्हणू. शास्त्र म्हणून ते फार जुने नाही. शार्ल बाय्यीचा फ्रेंच शैलीविचारावरचा ग्रंथ १९०९चा. संग्राहक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कामाला लागले होते. वांडरने जर्मन म्हणींचा पाच खंडांचा कोश १८६७ ते १८८० या काळात छापून काढला. ग्रिम बंधूंच्या कोशाचे काम १८३८ साली सुरू झाले आणि १९६१ साली संपले. याकोब ग्रिम १८६३ साली वारला तेव्हा त्याची मजल 'फ' अक्षरापर्यंतच गेली होती. आपल्याकडे दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश आहे. तो उशाशी ठेवून जर्मन शिकावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कारण 'मिर'ची किल्ली मराठीतच आहे. 'त्याने डोके फोडले' आणि 'त्याने डोके फोडून घेतले' या दोन वाक्यांत डोके कुणाचे, हे आपण कुठल्या शब्दावरून ओळखतो? 'घेतले'वरून. क्रियेचे फळ कर्त्याकडेच परत येते, हे आपण 'घेणे' जोडून सांगतो. जर्मन तेच चतुर्थीच्या सर्वनामाने सांगते. 'मिर, दिर, झिश, उन्स, ऑइश, झिश' : कर्ता बदलला की हे बदलते, डोके मात्र सहसा एकवचनातच राहते. चार जण मिळून विचार करत असले तरी 'उन्स डेन कॉप्फ'. हाच साचा अस्थिरोगतज्ज्ञाच्या खोलीत भेटतो : 'इश हाब मिर डेन आर्म गेब्रोखन', माझा हात मोडला. एकदा हात मोडता आला की डोके फोडणे अवघड नाही. फक्त उच्चार सांभाळायचा. तेच 'सीएच' 'ब्रेशन'मध्ये 'श'च्या जवळ जाते आणि 'ब्रोखन'मध्ये घशातून 'ख'सारखे येते. शिवाय 'त्सेर' हा उपसर्ग चिकटला की भूतकाळात 'गे' गळतो, म्हणून 'त्सेरब्रोखन'. ज्या गोष्टीवरून एवढा विचार चालला आहे ती 'यूबर' लावून द्वितीयेत येते.

साचा जुळला म्हणून अर्थही जुळेल, या भरवशावर मात्र राहू नये. मराठीत डोके फोडून घेतो तो वैतागलेला माणूस. 'त्याच्याशी डोकेफोड करू नकोस' म्हणताना समोरचा ऐकणार नाही, हे आपण गृहीत धरलेले असते. जर्मन माणूस डोके फोडतो तो एकटा, एखाद्या प्रश्नापुढे, आणि उत्तर सापडेल ही आशा त्याने सोडलेली नसते. आपले 'डोके खाजवणे' त्याच्या अधिक जवळचे, पण त्यात काळजी कमी. जेवायला काय करायचे, एवढ्यासाठी जर्मन डोके फोडू नये; तिथे साधे 'यूबरलेगन' पुरते. रोजच्या बोलण्यात हा वाक्प्रचार नकारार्थी आज्ञेत वारंवार येतो : 'त्सेरब्रिश दिर निश्ट डेन कॉप्फ', म्हणजे नको एवढा विचार करूस. आणि कुणी न विचारता आपली काळजी वाहू लागला, तर त्याला 'माझे डोके तू फोडू नकोस' असेही सुनावता येते. तिथे 'माइनन कॉप्फ' बरोबर ठरते, आणि वर्गात सगळे हसतात.

थोडे विषयांतर. 'कॉप्फ' हा शब्द मुळात डोक्याचा नव्हे, पेल्याचा. लॅटिन 'कुप्पा'वरून आलेला. डोक्यासाठीचा जुना शब्द 'हाउप्ट'. तो आता बराचसा 'हाउप्टबानहोफ'सारख्या जोडशब्दांत उरला आहे. पेला डोके कसा झाला, याचे मराठी माणसाला नवल वाटू नये. संस्कृत 'कपाल' म्हणजे खापर, ज्यावर यज्ञातला पुरोडाश भाजत. तेच कवटीलाही म्हणत, आणि आपले 'कपाळ' त्यातूनच आले. डोक्याला मडके समजणाऱ्या दोन भाषांनी ते फोडण्यावरून वाक्प्रचार करावेत, यात मला गंमत वाटते. त्यातून सिद्धांत मात्र मी काढत नाही.

पुढील प्रकरणांत डोक्यापासून पायापर्यंतचे वाक्प्रचार याच पद्धतीने, मराठीशी ताडून, घेतले आहेत. क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. पहिले प्रकरण उघडण्याआधी एवढे करावे : स्वतःला सध्या छळणारा एक खराखुरा प्रश्न घ्यावा आणि त्यावर सहाही सर्वनामांनी डोके फोडून वहीत सहा वाक्ये लिहावीत. 'माइनन' आले तर खोडावे.