दातवणाची काडी

कडुनिंबाचे झाड नाही असे गाव आपल्याकडे सहसा सापडत नाही. पारावर, विहिरीच्या काठी, गोठ्यामागे ते उभे असतेच. त्याला कोणी पाणी घालीत नाही, की कुंपण करीत नाही. पण पाडव्याच्या दिवशी गुढीला डहाळी लागते तेव्हा सगळ्यांना त्याची आठवण होते. ह्या झाडाची एक वीतभर काडी आपल्या इतिहासात किती दूरवर पोहोचली आहे, ते आज पाहू.

बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा ‘चुल्लवग्ग’ नावाचा पाली ग्रंथ आहे. दंतकाष्ठ न चावण्याचे पाच तोटे त्यात सांगितले आहेत : डोळ्यांना अपाय होतो, तोंडाला घाण येते, चव कळत नाही, पित्त व कफ अन्नाला लिप्त करतात आणि जेवण गोड लागत नाही. पुढची हकीकत मोठी गमतीची आहे. काही भिक्षू लांबच लांब काड्या वापरू लागले आणि त्यांनीच लहान शिष्यांना मारू लागले. म्हणून नियम झाला की काडी आठ अंगुळांहून लांब नसावी. मग कोणी अगदी आखूड काडी घेतली, ती घशात अडकली. तेव्हा चार अंगुळांहून आखूडही नसावी असे ठरले. शाळेतल्या गुरुजींना ह्या गोष्टीतून मानवी स्वभावाचा चांगला धडा देता येईल!

सुश्रुतसंहितेत तर काडीची सगळी मापेच दिली आहेत. ती बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, बिनगाठीची असावी, किडलेली नसावी. कडू रसात निंब श्रेष्ठ, तुरटात खैर, गोडात मधूक आणि तिखटात करंज. काडीच्या टोकाचा मऊ कुंचला करावा, एकेक दात वेगळा घासावा आणि हिरडीला इजा होऊ देऊ नये, असेही सांगितले आहे. तोंड आलेले असेल, खोकला, उचकी वा उलटी होत असेल तर काडी वापरू नये, ही सूचनाही तिथेच आहे. ‘कडुनिंब सगळ्यांना, सगळ्या वेळी चांगला’ असे तो शास्त्रकार म्हणत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

इ. स. ६७३ मध्ये इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू भारतात आला आणि नालंदा येथे सुमारे दहा वर्षे राहिला. त्याने आपल्या वृत्तांतात काडीवर स्वतंत्र प्रकरणच लिहिले. काडीचे एक टोक चावून दात घासायचे, मग ती चिरून तिने जीभ खरवडायची, चूळ भरायची आणि काडी टाकून द्यायची. चीनमधले लोक तिला ‘वाळुंजाची फांदी’ म्हणत. पण भारतात ते झाड क्वचितच आढळते, असे तो आपल्या देशबांधवांना बजावून सांगतो.

आता घराकडे वळू. धान्याच्या कणगीत वाळलेला पाला, गोठ्यात डासांसाठी पाल्याचा धूर, गोवर-कांजिण्यांतून उठलेल्या मुलाला पाला उकळलेल्या पाण्याची आंघोळ, शेतात लिंबोळीची पेंड, ही सारी आपल्या आजीची शिकवण. ही शिकवण कागदावर नव्हती, म्हणून एकदा पंचाईतही झाली. लिंबोळीच्या तेलापासून पिकावरील बुरशीचे औषध करण्याचे एकस्व युरोपीय कार्यालयाने १९९४ साली एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या कृषिखात्याला दिले. त्याविरुद्ध दाद मागण्यात आली. आपल्या पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ व ८६ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांसमक्ष झालेले प्रयोग पुराव्यात आले. २००० साली ते एकस्व रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले. अनुभव होता, पण तो सिद्ध करावा लागला.

मंडळी, हा सगळा इतिहास सांगण्याचे एक कारण आहे. आज खेड्यापाड्यांत कितीतरी घरी सकाळी हातात काडी नसते, मिसरी असते. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. ‘आमच्या वाडवडिलांपासून चालत आले आहे,’ असे म्हणतात. पण तंबाखू ह्या देशात पोर्तुगीजांबरोबर आली; तिला जेमतेम चारशे-सव्वाचारशे वर्षे झाली. सुश्रुताला तिचे नावही ठाऊक नव्हते. मिसरीने दात स्वच्छ होत नाहीत. तिची तलफ लागते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ साली बंदी केली, परंतु घरच्या तव्यावर कोण पहारा ठेवणार? आई मिसरी लावते, शेजारी बसलेली मुलगी बघते आणि तिचेही बोट डबीत जाते. जुने म्हणून जे सांभाळायचे, ते खरोखर जुने आहे का आणि हिताचे आहे का, हे दोन्ही विचारले पाहिजे.

तेव्हा काडी वापरायची तर ताजी, स्वच्छ धुतलेली घ्या, हिरडीला जपून फिरवा आणि वापरून झाल्यावर टाकून द्या. ब्रश असेल तर ब्रशही उत्तम. दाताला कीड लागली, गालात पांढरा चट्टा दिसला किंवा जखम भरून येत नसली, तर पाल्याच्या काढ्यावर दिवस काढू नका, दवाखाना गाठा. लिंबोळीचे तेल लहान मुलांना कधीही पाजू नका. त्याने जिवावर बेतू शकते. आणि गुरुजनहो, शाळेच्या आवारात एक कडुनिंब लावा. सावली मिळेलच, आणि मुलांना मिसरीची गोष्ट सांगायला त्या सावलीहून चांगली जागा नाही.