टिटवे कोणी धरायचे?

जोतीराव फुल्यांनी १८८७च्या जुलैत मृत्युपत्र केले, तेव्हा त्यात मालमत्तेबरोबर देहाचीही तजवीज केली. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी पुण्यातल्या आपल्या राहत्या घरामागे त्यांनी जिवंतपणीच खड्डा खणून घेतला होता.

भटजीविना विधी ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट नव्हती. १८७३च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच डिसेंबरात पहिले सत्यशोधक लग्न लागले. १८८७मध्ये तर मंगलाष्टकांसह पूजाविधींची एक पुस्तिकाच निघाली. जोतीराव नास्तिक नव्हते. निर्मिकावर त्यांचा विश्वास होता. पण मेलेल्या माणसाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या मध्ये दक्षिणा घेणारा कोणी उभा असायलाच हवा, ही समजूत महाराष्ट्रात पहिल्यांदा संघटितपणे मोडली ती त्यांनी. आजच्या निधर्मी अंत्यविधीचे मराठी कूळ शोधायचे तर इथूनच सुरुवात करावी लागते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. वस्तीत दफन करायला परवानगी मिळाली नाही. मिठाचा बेत बारगळला, दहन ठरले आणि खरा पेच तिथे उभा राहिला. प्रेतयात्रेपुढे विस्तवाचे मडके, म्हणजे टिटवे, धरून चालणारा तो वारस, असा रिवाज. दत्तक मुलगा यशवंत तयार होता. भाऊबंदांनी हरकत घेतली. दत्तकाने टिटवे धरले की मालमत्तेवरचा आपला दावा संपला, हे त्यांना ठाऊक होते. वाद वाढू लागला तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे स्वतःच्या हातात घेतले, यात्रेच्या पुढे चालल्या आणि नवऱ्याच्या चितेला अग्नी दिला. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात विधवेने घराबाहेर पडणेही लोकांच्या डोळ्यांवर येई, हे लक्षात घेतले म्हणजे या कृतीचे मोल कळते. पोथीतला विधी बदलणे त्या मानाने सोपे. विधीचा हक्क कोणाचा, हे बदलायला अशी माणसे लागतात. पुढे जोतीरावांच्या अस्थी घराच्या आवारातच ठेवल्या गेल्या. फुलेवाड्यात आज त्यांची समाधी आहे.

याच सुमारास इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक खासदार वारला. आपल्याला होईल तितक्या कमी खर्चात पुरावे आणि दफनाच्या वेळी भाषणे होऊ देऊ नयेत, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. फेब्रुवारी १८९१मध्ये ब्रुकवुडच्या दफनभूमीत त्याला भाषणांविनाच पुरले. तो हिंदुस्थानचा कैवारी होता, म्हणून लंडनमधले हिंदी लोक आवर्जून गेले. त्यांत कायदा शिकणारा एकवीस वर्षांचा मोहनदास गांधीही होता.

१९६६मध्ये सावरकरांचे दहन मुंबईत चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत झाले. तेही त्यांनी आधी लिहून ठेवल्याप्रमाणेच. पिंडदान नको, कावळा शिवण्याची वाट पाहणे नको, दुकाने बंद ठेवायला नकोत, असेही त्यांनी सांगितले होते. विचारांनी फुल्यांपासून कितीतरी दूर असलेल्या माणसानेही मृत्युपत्राचाच आधार घेतला.

देहदानाची वाट मात्र वेगळ्या दिशेने आली. १९४९चा मुंबईचा शरीररचनाशास्त्र कायदा झाला तो मुख्यतः बेवारस प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांना मिळावीत म्हणून. पुढे माणसे आपणहून देह देऊ लागली. बेवारसांसाठी काढलेल्या वाटेवरून शिकलीसवरलेली, भरल्या घरातली माणसे स्वेच्छेने जाऊ लागली, याचे श्रेय विवेकवादी चळवळींनाही द्यायला हवे.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीही देहदानाचा संकल्प केला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, शवविच्छेदन करावे लागले आणि चिरलेला देह विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी उपयोगी राहिला नाही. मारेकऱ्यांनी त्यांची ही शेवटची इच्छाही हिरावून घेतली. घरच्यांनी मग साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीविना दहन केले. मुलगी मुक्ता हिने अग्नी दिला. रक्षा नदीत न सोडता शेतात पसरली.

आज मराठी घरांतून कोणी असा निरोप ठरवू लागले की बोलणे बहुधा दहाव्या-तेराव्याऐवजी काय, इथून सुरू होते. स्मृतिसभा घ्यावी, एखाद्या ग्रंथालयाला देणगी द्यावी, रक्षेवर झाड लावावे, असे पर्याय निघतात. ते चांगलेच आहेत. पण पहिल्या काही तासांचे काय, हे त्याआधी ठरायला हवे. नेत्रदान करायचे तर डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी प्रेत महाविद्यालयात पोचवायचे काम घरच्यांनाच करावे लागते आणि एखादा जवळचा नातेवाईक अडून बसला की तो अर्ज नुसता कागद उरतो. म्हणून जाणकार कार्यकर्ते फॉर्म भरणाऱ्याला त्याच दिवशी मुलांना, भावाबहिणींना समोर बसवून बोलायला सांगतात, आणि फोन कोणी करायचा त्याचे नाव कागदावर लिहून घेतात.