तळटीप : वाय-फायचे जनकत्व

* ‘वाय-फायचा शोध’ : मूळ लेखकाने हे श्रेय एकट्या ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधनसंस्थेला दिले आहे, ते अर्धेच खरे. भिंतींवर आपटून मागेपुढे पोचणाऱ्या रेडिओलहरींचा घोळ निस्तरणारे तिचे तंत्र मोलाचे होते, आणि १९९६ साली त्याला अमेरिकी पेटंटही मिळाले. मात्र वाय-फाय घराघरांत नेणारे १९९९ चे ८०२.११बी हे मानक त्या तंत्रावर उभे नव्हते. प्रसाराचे मूळ शोधापेक्षा नियमांत सापडते. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार-नियामक संस्थेने १९८५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झसह काही पट्टे विनापरवाना संपर्कासाठी खुले केले; मायक्रोवेव्ह ओव्हन चालतात तोच हा पट्टा. पुढे १९९७ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे या तंत्रासाठीचे पहिले मानक आले. नुसत्या मानकाने काय साधले, हा आक्षेप रास्त आहे : त्यात प्रक्षेपणाच्या तीन पद्धती मान्य असल्याने मानक पाळणारी दोन यंत्रेही एकमेकांशी जुळतीलच असे नव्हते. म्हणूनच १९९९ मध्ये कंपन्यांनी परस्परजुळणी तपासून शिक्का देणारी संघटना काढली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही परवान्याविना वापरता येऊ लागला तो २००५ पासून. तंत्र तयार होते, अडला होता तो नियम.
— संपादक