दिवाळी ते शिमगा : गिरणगावाची फुकटची करमणूक

वैशाखाच्या उकाड्यात थंडीच्या दिवसांवर बोलायला उभे राहणे हा थोडा आगाऊपणाच आहे. पण व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि आमच्या विषयाचा मोसम दिवाळीत सुरू होऊन शिमग्याला संपतो. त्याला आमचा इलाज नाही. शिवाय विषयात ‘फुकट’ हा शब्द आहे. सुशिक्षित माणसे त्याऐवजी ‘विनामूल्य’ म्हणतात. आम्ही मुद्दाम फुकट म्हणतो, कारण गिरणगावात तोच शब्द चालत असे, आणि फुकट मिळालेल्या त्या करमणुकीची किंमत कोणी, कधी, कशी चुकती केली हेच आज सांगायचे आहे.

गिरणगाव म्हणजे भायखळ्यापासून लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी, वरळीपर्यंतचा मुंबईचा पट्टा. तिथला कामगार कोकणातला किंवा घाटावरचा. त्याचे वर्ष दोन ठिकाणी विभागलेले असे. मे महिन्यात तो गावी जाई, जमले तर गणपतीला जाई, शिमग्याला जाई. पावसाळ्यात मुंबईत असला तरी चाळीच्या गॅलरीत ओले कपडे आणि घरात गळते छप्पर, बाहेर पडायची सोय नाही. राहिले ते दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे चार-साडेचार महिने. ह्या दिवसांत तो मुंबईतच असे, हवा चांगली असे, नाताळात पोरांना शाळेची सुट्टी असे. गावची जत्रा, गावचा पार, गावची नदी ह्या सर्वांची भरपाई ह्या महिन्यांत शहरानेच करायची. एरवी मुंबईने कामगाराकडून घेतलेच. काही परत दिले असेल तर ते ह्या मोसमात.

परंतु मैदान फुकट असून भागत नाही. तिथे जायला वेळ लागतो, आणि वेळ तर मालकाचा. म्हणून करमणुकीचा इतिहास सांगणाऱ्याने आधी घड्याळाचा इतिहास सांगितला पाहिजे.

आरंभीच्या काळात गिरणी सूर्यावर चाले. उजाडले की भोंगा, मावळले की सुटी. मुंबईत जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरचा अकरा तासांचा. म्हणजे थंडीत कामाचे तास आपोआप कमी होत. ही दया मालकाची नव्हती, सूर्यनारायणाची होती. आठवड्याची सुट्टी मात्र सूर्यही देऊ शकत नव्हता. रविवारी गिरणी बंद असलीच तरी यंत्रे पुसायला जावे लागे आणि त्यात अर्धा दिवस जाई.

ही सुट्टी मागायला जो माणूस उभा राहिला त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. ठाण्याचा, सत्यशोधक, ‘दीनबंधु’ पत्राचा संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाहा : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई. पाचांतल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत. पगारवाढ त्यांत नाहीच. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याच्या सुट्टीवर शिक्का मारला. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केल्याचे सांगतात. साहेबाला चर्चसाठी रविवार हवा, आपल्याला खंडोबासाठी, वाद मिटला! ही सुट्टी बिनपगारी होती, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मग वीज आली. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्याची सत्ता संपली. तेजीच्या दिवसांत १९०५ च्या सुमारास कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. थंडीत संध्याकाळी सहाला सुटणारा माणूस आता दिव्याखाली उभा राहू लागला. विजेच्या दिव्याला प्रगती म्हणण्याची आपली रीत आहे. गिरणगावाला त्या दिव्याने पहिली भेट दिली ती हिवाळ्याची संध्याकाळ काढून घेण्याची. कामगारांनी संप केले, सरकारने चौकशा केल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. १९२२ पासून आठवड्याचे साठ तास, १९३४ च्या कायद्याने चोपन्न, १९४८ च्या कायद्याने अठ्ठेचाळीस. दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजाही त्याच १९४८ च्या कायद्यातली. लोखंड्यांच्या अर्जापासून तिथवर चौसष्ट वर्षे गेली.

आता पाळ्यांचे दिवस पाहा. सकाळी सातला लागणारी पहिली पाळी दुपारी साडेतीनला सुटे. डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो. म्हणजे पदरात अडीच तासांचा उजेड पडे. हा अडीच तासांचा ऐवज गिरणगावाने कसा खर्च केला ते सांगण्यासारखे आहे. हुतुतूचे मैदान आखले जाई. आखायला चुना, नाहीतर रांगोळी, नाहीतर नुसती राख. खेळायला चेंडू नको, बॅट नको, बूट नकोत. चाळींच्या मंडळांचे सामने रात्री दिव्यांखाली चालत आणि पाहणारे कडेने पाच-पाच रांगांत उभे राहत. पुढे पोरे मांडी घालून, मागे गडी, आणि आसपासच्या गॅलऱ्यांतून बाया. तिकीट कोणाला? ज्याच्या गावाचा गडी चढाईला गेला त्याचा श्वास चढाई करणाऱ्याबरोबर अडकलेला, एवढेच काय ते मोल. त्याच मोसमात तालमी भरत, लेझीम घुमे, भजनी मंडळांच्या बाऱ्या रात्र जागवीत. पखवाज एकाचा, टाळ दुसऱ्याचे, चहा तिसऱ्याच्या घरचा.

पौष पौर्णिमेला, शाकंभरीच्या दिवशी, प्रभादेवीची जत्रा सुरू होते. गिरणीच्या भिंतीला लागून पाळणे लागत. दर्शन फुकट, पाळण्याला पैसे. म्हणून पोरे दर्शन एकदाच घेत आणि पाळण्याकडे बघत दहा वेळा फिरत. डिसेंबरच्या सुमारास माहीमला मखदूम अली माहिमी ह्यांचा उरूस भरतो. चौदाव्या-पंधराव्या शतकांतला हा थोर विद्वान अवलिया. त्याच्या दर्ग्यावर मुंबईचे पोलीस मानाची चादर नेतात. त्या जत्रेत हिंदू कामगार बायकापोरांसह जात आणि हलवा घेऊन परत येत. ह्यात कोणाला विशेष काही वाटत नसे, म्हणून त्याची नोंद कोणी केली नाही.

आणि राणीची बाग. १८६२ साली ती खुली झाली, १८७२ साली तिच्यातले म्युझियम लोकांसाठी उघडले. पुढे प्राणी आले. घारापुरीचा तो प्रचंड दगडी हत्ती म्युझियमजवळ उभा आहे. जिवंत हत्ती दिसो न दिसो, हा हमखास दिसे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्काजवळ चैत्यभूमीवर लाखो कुटुंबे येतात; ती करमणूक नव्हे, अभिवादन आहे, तेव्हा ह्या यादीत ते घालणार नाही. पण कडाक्याच्या उन्हातान्हात आणि थंडीत दोन-दोन दिवस काढून पोराला पुस्तकांच्या दुकानापुढे उभे करणारा बाप आम्ही तिथेच पाहिला. त्या शिवाजी पार्काचेही तसेच. १९२५ साली नगरपालिकेने ते माहीम पार्क म्हणून लोकांस दिले. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले ह्यांच्या पुढाकाराने शिवरायांचे नाव मिळाले. त्याच्या भोवतालच्या कट्ट्यावर बसायला आजही कोणी पावती फाडत नाही.

येथवर आम्ही ‘कामगार’ म्हणालो आणि तुमच्या डोळ्यांपुढे पुरुष उभा राहिला असेल. चूक आमची. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचांतली एक कामगार स्त्री होती. आणि गिरणीत न जाणाऱ्या बाईला तरी रविवार कुठे होता? एकटे राहणारे गडी खानावळीत जेवत. खानावळ म्हणजे दहा बाय दहाची खोली, चूल, आणि पंधरा-वीस ताटे करणारी बाई. रविवारी गिरणी बंद, म्हणून त्या दिवशी खानावळीत मटण. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार ह्या बाईच्या वाट्याला पाट्यावर वाटायच्या मसाल्याच्या रूपाने आला. तिची सुट्टी म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी : हळदीकुंकू. संध्याकाळी दोन तास, चाळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठेवणीतले लुगडे नेसून. तीळगूळ, चार गोष्टी, एक वाण. करमणुकीच्या इतिहासात हळदीकुंकवाला जागा देत नाहीत. आम्ही संघटनेचे काम शिकलो तेव्हा कळले की संपाच्या काळात बातमी सर्वांत जलद फिरते ती ह्याच वाटेने. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तोपर्यंत ह्या बाया कोणाच्याच हिशेबात नव्हत्या, युनियनच्याही नाही. हे आम्हांला कबूल केले पाहिजे.

संघटित रीतीने फुकट करमणूक देण्याचा प्रयत्न प्रथम ना. म. जोशी ह्यांच्या सोशल सर्व्हिस लीगने केला. १९११ साली ती निघाली. वाचनालये, रात्रशाळा, आणि परळला १९२२ साली दामोदर नाट्यगृह. सरकार जागे झाले ते खेर मंत्रिमंडळाच्या काळात. १९३९ साली कामगार कल्याण केंद्रे सुरू झाली : व्यायामशाळा, वाचनालय, बायांसाठी शिवणवर्ग, मुलांसाठी शिशुमंदिर. १९५३ च्या कायद्याने त्यासाठी मंडळ आणि निधी झाला. हा निधी कुठून आला हे ऐकण्यासारखे आहे. कामगारांच्या पगारातून कापलेले दंड आणि कामगारांनी न उचललेले पगार, ह्या दोन गोष्टी त्यात घातल्या. उशिरा आला म्हणून कापलेले चार आणे, मेलेल्या किंवा गावी गेलेल्या गड्याचा गिरणीत पडून राहिलेला पगार. ह्या न उचललेल्या पैशांवरून एका बड्या गिरणीने दावा लावला, आणि १९५७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम अवैध ठरविले. मग कायदा दुरुस्त करावा लागला. कॅरमबोर्डाभोवती बसलेल्या चौघांना काय ठाऊक, की त्यांच्या सोंगट्यांसाठी दिल्लीपर्यंत खटला गेला होता. त्याच केंद्रांतून कामगार नाट्यस्पर्धा निघाल्या. दिवसा साच्यावर उभा राहणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावून रंगमंचावर आला तो असा.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. ऐन थंडीचे दिवस. आमच्या पिढीची तेव्हा शाळकरी वये. वडील भर दुपारी घरी दिसू लागले, हेच पहिल्या आठवड्यात नवलाचे. आम्हांला चौपाटीवर नेले, राणीच्या बागेत नेले, मैदानावर आमच्याशी खेळले. इतका वेळ त्यांच्यापाशी पूर्वी कधीच नव्हता. प्रभादेवीची जत्राही त्याच महिन्यातली. फेब्रुवारीत ते बाहेर पडेनासे झाले. मैदान तेच, हवा तीच, वेळ तर हवा तितका. पण पगाराचा दिवस उलटून गेला होता. पोराने चण्याची पुडी मागितली तर काय सांगायचे, म्हणून चौपाटीची वाटच टाकली. फुकटच्या करमणुकीलाही घरात चूल पेटलेली लागते, हे आम्ही तेव्हा पाहिले.

गिरण्या बंद पडल्या आणि जमीन उरली, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी ठरविले होते की विकासाला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा साधारण एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक-तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्याची झाली. गिरणीच्या आवारात रिकामी जागा ती किती! उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. जिथे मैदाने व्हायची तिथे मॉल झाले. मॉलमध्ये शिरायला पैसे पडत नाहीत हे खरे. थंडगार हवाही फुकट असते. बसायला बाक मात्र शोधावा लागतो.

राणीच्या बागेचे नाव १९६९ पासून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. २०१६ साली तिथे पेंग्विन आले आणि २०१७ साली मोठ्या माणसाचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झाले. आईबाप आणि दोन मुले मिळून शंभर. पेंग्विनांशी आमचे वैर नाही. त्यांनाही थंडीच हवी असते. पण घरात आजी असेल तर ती शंभरांत बसत नाही, आणि गिरणगावच्या घरात आजी असतेच. दामोदर नाट्यगृहही २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्बांधणीसाठी बंद झाले. दुसऱ्या बाजूला १९९९ पासून काळा घोड्याचा कलामहोत्सव थंडीतच भरतो आणि त्याला तिकीट नाही. तेव्हा सगळेच गेले असे रडगाणे आम्ही गाणार नाही.

आज आम्ही ज्या कंत्राटी मुलांमध्ये काम करतो, त्यांचा रविवार पुन्हा १८९१ च्या जागी आहे : सुट्टी घ्या, पण रोज बुडेल. शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर रविवारी संध्याकाळी घरपोच खाणे नेणारी पोरे पाठीवरची पेटी उतरवून बसलेली दिसतात. तीही कट्ट्यावर फुकटच बसतात, पण डोळे फोनवर.

जाता जाता एक कामाची गोष्ट. ज्यांच्या घरी कारखान्यात, दुकानात, कचेरीत नोकरी करणारे कोणी असेल, त्यांनी डिसेंबरची पगारपावती काढून पाहावी. कामगार कल्याण निधीची छोटीशी कपात जूनमध्ये आणि डिसेंबरात होते. मालकाला तिच्या तिप्पट भरावे लागते. कपात दिसली तर जवळचे केंद्र कुठे आहे ते विचारा, आणि पोरांना घेऊन जा. कपात दिसली नाही तर पावती आमच्याकडे आणा.