शाळेचा साखरपुडा

1906 सालचा ईस्टर नुकताच होऊन गेला होता. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात सात वर्षांचा एक मुलगा शाळेचा पहिला दिवस आटोपून आईबरोबर घरी निघाला होता. त्याच्या कवेत कागदाचा भला मोठा शंकू होता. वर रेशमी फीत बांधलेली, आत काठोकाठ खाऊ. ओझे पेलवेना, म्हणून तो थोडे चालून शंकू फरसबंदीवर टेकवी. मध्येच आई हात लावी. ओळखीच्या एका बाईंना शंकू दाखवायला तो त्यांच्या दाराशी गेला, अडखळला, आणि शंकूचे टोक मोडले. गोळ्या, चॉकलेटे, खजूर, अंजिरे, संत्री, ईस्टरचे चॉकलेटी ससे असे सगळे त्याच्या बुटांवर घरंगळत आले. वडील बॅगांच्या कारखान्यात कामाला, आई केस विंचरून देण्याचे काम करून चार पैसे जोडणारी. अशा घरातला तो खाऊ होता.

हा मुलगा म्हणजे ‘एमिल’ची गोष्ट लिहून पुढे जगभर नाव मिळवलेला एरिश केस्टनर. बालपणाच्या आठवणी त्याने 1957 साली प्रसिद्ध केल्या. मधल्या पन्नास वर्षांत दोन महायुद्धे झाली, त्याची स्वतःची पुस्तके नाझींनी जाळली, ड्रेस्डेन बेचिराख झाले; तरी ते मोडलेले टोक तो विसरला नव्हता.

सॅक्सनी आणि थुरिंगिया या प्रांतांत त्या शंकूला ‘त्सुकरट्यूटे’ म्हणतात. ‘त्सुकर’ म्हणजे साखर, ‘ट्यूटे’ म्हणजे कागदाचा पुडा. शब्दाला शब्द ठेवला तर मराठीत होतो साखरपुडा! आपल्याकडे लग्न ठरले की साखरेचा पुडा देऊन दोन घरांची सोयरीक पक्की करतात. तिकडे मूल आणि शाळा यांची सोयरीक जुळते ती अशाच पुड्याने. इतर प्रांतांत याला ‘शूलट्यूटे’, म्हणजे शाळेचा पुडा, असे रूक्ष नाव आहे. सॅक्सनीतल्या माणसांनी साखर सोडली नाही, हे बरे केले.

या पुड्यामागचे जग मात्र पुड्याहून बरेच जुने आहे, आणि ते चर्चच्या अंगणातले आहे. पोप ग्रेगरी पहिला हा विद्यार्थी, शिक्षक आणि गायक यांचा पाठीराखा संत. 12 मार्च हा त्याचा स्मरणदिन मध्ययुगीन जर्मन गावांत शाळेचा सण म्हणून पाळत. पोरे वाजतगाजत मिरवणूक काढत. कुठे कुठे एखाद्या मुलालाच बिशपचा पोशाख चढवत. नव्याने शाळेत जाणाऱ्या मुलांना त्यांच्या घरून गाणी म्हणत घेऊन येत आणि हातात ‘ब्रेत्सेल’ ठेवत. ब्रेत्सेल म्हणजे छातीवर हात दुमडल्यासारखी गाठ मारलेला पाव. शाळा म्हणजे छडी, पाठांतर आणि लॅटिन. त्या दारातून आत ढकलण्याआधी मुलाच्या तोंडात काहीतरी गोड जावे, ही जाण त्या कठोर काळातही होती.

शेजारच्या ज्यू वस्त्यांतही ती होती. ऱ्हाईन नदीकाठच्या मध्ययुगीन ज्यू कुटुंबांत लहान मुलाला प्रार्थनेच्या शालीत लपेटून गुरुजींकडे नेत. पाटीवरच्या हिब्रू अक्षरांना मध लावलेला असे आणि मुलाने तो चाटायचा असे. धूळपाटीवर ‘श्रीगणेशा’ गिरवणाऱ्या आणि त्या दिवशी खाऊ वाटणाऱ्या आपल्या जुन्या घरांना हे दृश्य परके वाटणार नाही.

मार्टिन ल्यूथरने शाळेच्या प्रश्नाला वेगळीच धार आणली. जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांनी ख्रिस्ती शाळा काढाव्यात, असे जाहीर पत्र त्याने 1524 साली लिहिले. 1530 साली त्याचा रोख आईबापांकडे वळला, आणि मुलांना शाळेत ठेवले पाहिजे असा उपदेशच त्याने छापून काढला. या दोहोंच्या मधले, 1529 सालचे त्याचे पुस्तक घराघरांत पोचले. ही छोटी धर्मप्रश्नोत्तरी होती. दहा आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना हे घरधन्याने आपल्या माणसांना कसे शिकवावे, ते तिच्यात सोप्या शब्दांत मांडले होते. मुलाची शाळेसाठी तयारी आता घरात, जेवणाच्या मेजापाशी सुरू होणार होती.

त्या कामात आईबाप एकटे नव्हते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्मपिता आणि धर्ममाता मिळतात, आणि ती केवळ शोभेची नाती नसतात. हे मूल श्रद्धेत वाढेल, त्याला प्रार्थना आणि आज्ञा कळतील, याची हमी ते मंडळीसमोर देतात. मूल वाचायला शिकले तरच ते शास्त्र वाचणार. म्हणून शाळेचा पहिला दिवस हा धर्मपालकांच्या शब्दाचाही दिवस ठरला. गोथाचा ड्यूक एर्न्स्ट याला प्रजा ‘धर्मशील’ म्हणे. त्याने 1642 साली आपल्या छोट्या राज्यासाठी शाळांची सविस्तर नियमावली काढली आणि मुलगे-मुली दोघांनाही शाळा सक्तीची केली. देखरेख पाळकांकडे होती. गावात शिकवायला बहुधा ‘कांटोर’ असे. तोच रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, गायनाची बाजू सांभाळायचा आणि सोमवारी पोरांना बाराखडी घोकायला लावायचा.

साखरेच्या पुड्याच्या सर्वांत जुन्या आठवणींपैकी एक अशाच कांटोरशी जोडलेली आहे. सॅक्सनीतल्या गेर्सडॉर्फ गावच्या पाळकांचा मुलगा कार्ल गॉटलीब ब्रेटश्नायडर 1781-82च्या सुमारास शाळेत गेला, तेव्हा कांटोरने त्याला साखरेचा पुडा दिला. ही गोष्ट त्याने आत्मचरित्रात नोंदवली आहे. तो पुढे नामवंत धर्मशास्त्रज्ञ झाला आणि योगायोगाने त्याच गोथामध्ये चर्चच्या उच्च पदावर बसला. ज्याच्या हाती उद्या छडी असणार, त्यानेच आज पुडा द्यायचा, हा त्या रिवाजाचा मूळ गाभा असावा.

एकोणिसाव्या शतकात पुडा गावांतून शहरांत आला. येनामध्ये 1817, ड्रेस्डेनमध्ये 1820, लाइपझिगमध्ये 1836 अशा त्याच्या नोंदी सापडतात. पुडा आणण्याचा मान धर्मपालकांचा किंवा आजी-आजोबांचा. ते मुलाचे नाव घातलेले पुडे गुपचूप शाळेत पोचवत. मुलांना सांगितले जाई ते निराळेच: शाळेच्या तळघरात किंवा माळ्यावर एक झाड आहे, त्याला पुडे लागतात, आणि ते पुरेसे मोठे झाले की समजायचे, शाळेत जायची वेळ झाली. मग पुडे खरोखरच झाडावरून तोडल्यासारखे काढून दिले जात. 1852 साली सॅक्सनीत मोरित्स हेगर यांचे पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलांसाठीचे ‘साखरपुड्याचे पुस्तक’ निघाले आणि झाडाची कथा छापील झाली.

या कथेची एक दुखरी बाजूही आहे. झाड सगळ्यांचे म्हटले तरी पुडे सारखे नसत. ज्याची धर्ममाता खात्यापित्या घरची, त्याचा पुडा जड. ज्याचे धर्मपालक खाणीत किंवा मागावर राबणारे, त्याच्या शंकूत खाली कागदाचे बोळे किंवा बटाटे आणि वर मूठभर गोळ्या. युद्धाच्या आणि टंचाईच्या वर्षांत तर बोळ्यांचाच भरणा. तरीही रिकाम्या हाताने मूल पाठवायचे नाही, ही जिद्द घरोघर होती. त्या बोळ्यांमागची आईची धडपड श्रीमंताच्या चॉकलेटांहून अधिक मोलाची मानली पाहिजे.

1910 साली सॅक्सनीच्या एर्त्सगेबिर्गे डोंगराळ भागातल्या वीजा गावात कार्ल आउगुस्ट नेस्टलर यांनी शंकू कारखान्यात बनवायला घेतले, आणि घरी गुंडाळलेल्या कागदाची जागा रंगीत पुठ्ठ्याने घेतली. पहिल्या महायुद्धानंतर प्रथा इतरत्र पसरत गेली. कॅथलिक बव्हेरियात ती रुजायला 1950चे दशक उजाडले.

केस्टनरच्या पुड्यात ईस्टरचे ससे का होते, याचे उत्तर पंचांगात आहे. जर्मनीत शाळेचे वर्ष बहुतेक ठिकाणी ईस्टरनंतर सुरू होई. उपवासकाळ संपला, सण झाला, झाडांना पालवी फुटली की मुले शाळेत. पश्चिम जर्मनीने हा क्रम 1966-67 मध्ये मोडला. वर्षारंभ उन्हाळी सुटीनंतर नेण्यासाठी लागोपाठ दोन आखूड शालेय वर्षे घ्यावी लागली. दोनच वर्षांनी, 1969 साली, रोमने संतांच्या दिनदर्शिकेची फेररचना केली आणि ग्रेगरीचा स्मरणदिन 12 मार्चवरून 3 सप्टेंबरवर नेला. दोन्ही निर्णयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण विद्यार्थ्यांचा संत वसंतातून उठून नव्या वर्षारंभाच्या दिवसांत येऊन बसला खरा.

पूर्व जर्मनीत चित्र निराळे होते. तिथे शाळा 1 सप्टेंबरला उघडे. कम्युनिस्ट सरकारने धर्मशिक्षण शाळेबाहेर घालवले होते. ते मंडळीच्या खोल्यांत, शाळा सुटल्यावर चाले. बाप्तिस्म्याच्या जागी सरकारी नामकरण सोहळा, दृढीकरणाच्या जागी ‘युवादीक्षा’ अशी जुन्या संस्कारांची नवी रूपे उभी केली गेली. पुड्याला मात्र कोणी हात लावला नाही. पूर्वेकडचा शंकू षट्कोनी आणि 85 सेंटिमीटर लांब, पश्चिमेकडचा गोल आणि 70 सेंटिमीटर. चर्चला जाणाऱ्या घरांत तो धर्ममातेच्या हातून येई, न जाणाऱ्या घरांत आत्या-मावशीच्या. देशाची फाळणी झाली, पण पहिल्या दिवशी मुलाच्या हातात काय असावे यावर दोन्हीकडे एकमत होते.

आज त्या दिवसाची सुरुवात पुष्कळ गावांत चर्चमधल्या उपासनेने होते. प्रॉटेस्टंट पाळक आणि कॅथलिक धर्मगुरू ती मिळून चालवतात; इतर धर्मांची कुटुंबेही येऊन बसतात. नव्या मुलांना पुढे बोलावतात, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. पाठीवर मुलाहून रुंद वाटणारे दप्तर असते. ते महाग पडते, म्हणून पुष्कळदा धर्मपालक किंवा आजी-आजोबा घेऊन देतात. नोकरीधंद्यासाठी तिकडे राहणारी मराठी घरेही आपल्या मुलांसाठी पुडा करतात, कारण वर्गात एकटे आपलेच मूल रिकाम्या हाताने कसे उभे करायचे?

आता पुड्यात पेन्सिली, खोडरबर, रंग, डबा, एखादे छोटे पुस्तक असते, चॉकलेट असतेच. तो घरी पोचेपर्यंत उघडायचा नसतो. भरण्याचे काम मूल झोपल्यावर, आदल्या रात्री. आई एकेक जिन्नस पुढे करते आणि धर्ममाता तो आत सोडते. पण सगळ्यांत आधी ती वर्तमानपत्राचा एक घट्ट बोळा करून खाली टोकात दाबून बसवते, म्हणजे ते मोडणार नाही.