गुंठा, आर आणि तीन बोटांचा फरक

वऱ्हाडातल्या जमीन-मोजणीवर आम्ही कुठेही बोलायला उभे राहिलो की एक प्रश्न हमखास येतो. आजोबांच्या कागदावर पाच एकर आहे, आता हिशेब सांगतात दोन हेक्टर. मग शेत गेलं कुठं?

उत्तरासाठी साखळीपासून सुरुवात करावी लागते. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून कंपनीकडे गेला. आजचा यवतमाळ जिल्हा नंतर काही काळ वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळालं. पुढे १८६० च्या दशकात इथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी सुरू झाली आणि तिच्याबरोबर एकर-गुंठे आले. शेजारच्या मध्य प्रांतात मात्र एकराचे शंभर भाग करत. म्हणजे 'शून्य एकर वीस' हे यवतमाळात अर्धा एकर, आणि वर्धा नदीपलीकडे चांद्याच्या जुन्या कागदात एकराचा पाचवा हिस्सा! सोयरीक नदीच्या दोन्ही काठांना, पण हिशेब वेगळे.

गुंठा म्हणजे काय? एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी रूढ केली. तिच्या निम्म्याचा, म्हणजे ३३ फुटांचा चौरस घ्या. तो एक गुंठा. असे चाळीस झाले की एकर. आता ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर. आणि 'आर' म्हणजे बरोबर दहा मीटरचा चौरस. बाजूत फरक फक्त ५.८४ सेंटीमीटर, जेमतेम तीन बोटं. त्यामुळेच दोन्ही सारखेच वाटतात, आणि बोलताना माणसं 'गुंठा म्हणजेच आर' म्हणून मोकळी होतात.

पण बाजूतला फरक क्षेत्रात जवळपास दुप्पट होतो. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे, म्हणजे २ हेक्टर २.३४ आर. नुसतं 'दोन हेक्टर' धरलं तर २३४ चौरस मीटर गेले. अडीच हजार चौरस फूट! यवतमाळ शहरालगत एवढ्या जागेवर घर उभं राहतं. भावाभावांच्या वाटणीत हे कुणाच्या वाट्यातून जातं, ते तुम्हीच बघा.

याच्या उलट टोकाची गंमत सांगतो. फूट हासुद्धा एकच नव्हता. भारतीय सर्वेक्षणाचा फूट ०.३०४७९९६ मीटर, आणि १९५९ चा आंतरराष्ट्रीय फूट ०.३०४८ मीटर. फरक ०.४ मायक्रॉन, म्हणजे ४०० नॅनोमीटर. शास्त्रज्ञांच्या जुन्या भाषेत ४,००० अँगस्ट्रॉम. जांभळ्या प्रकाशाची एक लहर साधारण एवढीच असते. पाच एकरांत हा फरक किती? सुमारे ५३० चौरस सेंटीमीटर. सातबारा ज्या कागदावर छापून मिळतो, त्या कागदापेक्षाही कमी.

मग एवढ्या बारीक मापाची गरज कुणाला? विल्यम लॅम्बटनला होती. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने पहिली पायारेषा मोजली, ती शंभर फुटी पोलादी साखळीने. पोलाद एका अंशाला मीटरमागे अकरा-बारा मायक्रॉन वाढतं. पहाट ते दुपार वीस अंश चढले तर त्या साखळीत सात मिलिमीटरचा फरक. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत, वर तंबूची सावली, शेजारी थर्मामीटर. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतच्या चोवीसशे किलोमीटरांत तो फुटामागचा ०.४ मायक्रॉनसुद्धा तीन मीटरच्या वर जातो. हे काम करता करताच लॅम्बटन १८२३ मध्ये वारला, आणि तोही आपल्या शेजारी, हिंगणघाटला.

धुऱ्यावरच्या भांडणात मात्र त्याच्या अँगस्ट्रॉमचा काही उपयोग नाही. तिथे जुना कागद काढायचा, तो गुंठ्यात आहे की शतांशात हे आधी बघायचं, आणि मग एकराला ४०.४७ आर धरून गुणायचं. दशांशानंतरची दोन घरं सोडायची नाहीत.